शुद्ध तेल आणि रबराची रिंग

"मग दोष कुणाचा, बाबा? तेवढं सांगा."

विद्याधरनं बाटली घोंगडीवर ठेवली. आत त्यानं स्वतः केलेलं तेल होतं. मधाच्या रंगाचं, तळाशी कणभर गाळ नाही.

सोमगीर बाबांनी बाटलीकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं.

"निघालास?"

"तुमच्या उत्तरावर आहे."

...

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मी मेथी निवडत बसले होते. मठाच्या स्वयंपाकघरात तेव्हा माझी सेवा असायची. ओसरीवर बसून भाजी निवडली की सगळं ऐकू येतं, हा त्या सेवेचा मोठा फायदा.

हा विद्याधर आमच्याकडे आला तो अनुग्रहासाठी. त्याआधी शहरात एका प्रयोगशाळेत होता. पेट्रोल-डिझेलचे नमुने तपासायचे आणि भेसळ पकडायची, हे त्याचं काम. नोकरी सोडली, पण नजर काही सुटली नव्हती.

मठात आला त्याच दिवशी त्यानं सांगितलं की तुमच्या दुधात पाणी आहे. होतंच. मीच घातलं होतं, चहा सगळ्यांना पुरावा म्हणून.

पंगतीला तो बसायचा नाही. आपले मूग आपण शिजवायचे, आपलं ताट वेगळं ठेवायचं. कपडे पांढरे, त्यावर कधी डाग दिसला नाही. अनुग्रहाचं विचारलं की बाबा म्हणायचे, पाहू. असे कितीतरी महिने गेले, ते पाहू काही संपेना.

सोमवारी मठात पुऱ्या आणि भोपळ्याची भजी असतात. घाटमाथ्यावरच्या वाडीतली सगळी माणसं जेवायला येतात. कढईत उरलेलं जळकं तेल आम्ही ओढ्याच्या कडेला ओतायचो. ते पाहून विद्याधरला राहवलं नाही.

त्यानं ते तेल गाळलं. त्यात कसलं तरी स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा घातला, ढवळलं, तळाशी बसलेलं जाडसर ग्लिसरीन काढून टाकलं. मग वरचं तेल पाण्यानं धुतलं, पुन्हा धुतलं, उन्हात वाळवलं. याला बायोडिझेल म्हणतात आणि यावर आपली जीप चालेल, असं तो म्हणाला. जीप चालवायचे गुलाबमामा. त्यांनी लगेच त्या तेलाला 'भजीचं डिझेल' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

आता ही जीप म्हणजे काही शोभेची गाडी नव्हे. माथ्यावर दुसरं वाहनच नाही. कुणाला साप चावला, कुणाचा ताप डोक्यात गेला, कुणी बाई अडली, की माणसं मठाच्या पायरीशी येतात आणि गुलाबमामा किल्ली उचलतात. कुणा भक्तानं फार पूर्वी दिलेली ती म्हातारी जीप, पण कधी कुणाला वाटेत टाकलं नव्हतं.

भजीच्या डिझेलवर ती छान चालली. धूर कमी झाला, आवाज मऊ झाला, मागे वास दरवळायचा. त्या दिवसांत मी विद्याधरला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग जीपखाली ओलं दिसायला लागलं. अगदी थोडं. गुलाबमामांनी फडक्यानं पुसलं आणि जुनी गाडी आहे म्हणून सोडून दिलं.

आणि एका दुपारी वाडीतल्या कौशीला कळा लागल्या. जीप तिला घेऊन निघाली आणि घाटातल्या मधल्या वळणावर बंद पडली. इंजिनाकडे जाणारी रबरी नळी सुटली होती, तेल रस्त्यावर सांडलं होतं. कौशीच्या सासूनं, इठाबाईनं, लुगड्याचा आडोसा केला आणि तिथंच सुनेची सुटका केली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. देवाची कृपा म्हणायची, आणि इठाबाईच्या हातांची.

पण वाडीनं सांगून टाकलं, आम्ही आता त्या गाडीत बसणार नाही. आजारी माणसाला झोळीत घालून घाट उतरू, पण गाडी नको.

झोळीतून घाट उतरायचा म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. माझा थोरला दीर तसाच गेला, अर्ध्या वाटेत. म्हणून मेथी निवडता निवडता माझा जीव त्या बोलण्यात अडकला होता.

विद्याधरचं म्हणणं सरळ होतं. तेल त्यानं पुन्हा पुन्हा तपासलं होतं. त्यात पाणी नव्हतं, आंबटपणा नव्हता, कचरा नव्हता. नळ्या जुन्या होत्या, पंपातल्या रबरी रिंगा जुन्या होत्या, त्याला तेल काय करणार? बाबांनी सोमवारच्या पंगतीत सगळ्यांसमोर सांगावं की तेल शुद्ध होतं. आणि आता तरी अनुग्रह द्यावा. हे होणार नसेल, तर इथं थांबण्यात अर्थ नाही.

बाबांनी ऐकून घेतलं. मग आत हाक मारली.

"गुलाब, ते काढून ठेवलंयस ते आण."

गुलाबमामांनी एका जुन्या ताटात पंपाचं झाकण आणि त्यातून काढलेली रबराची रिंग आणली. काळी, बांगडीएवढी. ताट त्यांनी बाबांपुढे ठेवलं आणि खांबाला टेकून उभे राहिले.

बाबांनी रिंग उचलली, बोटांनी दाबली. मऊ पडली होती. त्यांनी ती विद्याधरच्या हातात दिली.

"ही कुठं असते?"

झाकणाला गोल खाच होती, ती विद्याधरनं दाखवली.

"बसव."

तो बसवायला लागला. एका बाजूनं रिंग खाचेत गेली की दुसऱ्या बाजूनं वर यायची. दुसरी बाजू दाबली की पहिली सुटायची. त्यानं अंगठे लावून पाहिले, पिशवी खाली ठेवून पाहिलं. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला काळं लागलं.

"बसत नाही, बाबा."

"तिचीच जागा ना ती?"

"तिचीच."

"मग?"

"फुगलीये."

"काय पिऊन?"

...

माझा हात मेथीवर थांबला. गुलाबमामा एकदम वासे मोजायला लागले.

विद्याधरनं रिंग ताटात ठेवली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतका अलिप्त माणूस, पण त्या क्षणी मला त्याची दया आली. मनात असंही आलं की आता हा उठणार आणि पिशवी उचलून चालू लागणार.

तो उठला नाही. खाली मान घालून बोलत राहिला. म्हणाला, सगळंच रबर असं फुगत नाही. दुसऱ्या जातीचं एक रबर असतं, तांबूस रंगाचं. ते या तेलात वर्षानुवर्षं बुडालं तरी जसंच्या तसं राहतं. नव्या गाड्यांत पुष्कळदा तसलं असतं. आपली जीप जुनी, तिचं रबर जुन्या जातीचं. त्याला हे तेल मानवत नाही. शिवाय टाकीच्या तळाचा जुना गाळही हे तेल सोडवतं आणि मग गाळणी तुंबते.

"तुला ठाऊक होतं?"

"वाचलं होतं."

"आणि?"

विद्याधरनं बाहीवरचा काळा डाग चोळला.

"शुद्ध तेलानं काही बिघडेल, असं मनातच आलं नाही, बाबा. एकदाही बॉनेट उघडून पाहिलं नाही मी."

बाबांनी बाटली उचलली आणि उन्हात धरली. घोंगडीवर पिवळा उजेड पडला. तेल खरोखरच सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.

"हे डिझेलमध्ये मिसळतं का रे?"

"मिसळतं. कितीही."

"मग जुन्या रबराला ते सोसतं?"

विद्याधर म्हणाला, पाच भागांत एक भाग हे आणि बाकी डिझेल असं घातलं तर जुनं रबरसुद्धा बहुतेक वेळा टिकतं. नव्या रिंगा घातल्या तर काळजीच नाही.

"मग एकटंच का ओतलंस?"

"माझ्या हातून भेसळ झाली असती."

तो हे इतक्या साधेपणानं बोलला की गुलाबमामांनी हसू दाबायला उपरणं तोंडावर घेतलं. पण विद्याधर गंभीर होता. म्हणाला, सगळं आयुष्य त्यात गेलं, बाबा. पेट्रोलमध्ये रॉकेल, डिझेलमध्ये नाही नाही ते. एका टाकीत दोन तेलं एकत्र आली की माझ्या अंगावर काटा येतो. मला नाही जमत ते.

"भेसळ कशाला म्हणतोस?"

"चांगल्यात हलकं घालून चांगल्याच्या नावानं विकणं."

"आणि मिसळणं?"

विद्याधर बाटलीकडे पाहायला लागला.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी उठले नाही. वरण लागलं तर लागलं.

बाबांनी बाटलीचं बूच घट्ट केलं आणि ती त्याच्यापुढे सरकवली. त्यानं घेतली नाही. वाकून नमस्कार केला, पिशवी खांद्याला लावली, ताटातली ती फुगलेली रिंग उचलून खिशात घातली आणि पायऱ्या उतरून चालता झाला. मागे वळूनही पाहिलं नाही.

मला राहवलं नाही. इतका शिकलेला माणूस, त्याच्याशी चार गोड शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं, असं मी बाबांना तोंडावर म्हणाले. रागच आला होता मला. माणूस तर गेलाच, आणि वाडीच्या नशिबी झोळी राहिली ती राहिलीच.

"बाटली ठेवून गेलाय," बाबा म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

पुढचा सोमवार गेला, भजी झाली, तेल उरलं. मी ते ओतून द्यायला निघाले तर बाबा म्हणाले, राहू दे डब्यात. त्याच्या पुढच्याही सोमवारचं ठेवलं. डबे भरत चालले आणि माझी चिडचिड वाढत चालली.

मग एका सकाळी विद्याधर घाट चढून आला. पायीच. पिशवी फुगून टम्म झालेली. त्यात सदरे-धोतरं काहीच नव्हती. तांबूस रिंगा होत्या, नव्या नळ्या होत्या, दोन गाळण्या होत्या. प्रयोगशाळेतल्या जुन्या सोबत्यांच्या मागे लागून, ती फुगलेली रिंग खिशातून काढून दाखवत, मापाला माप जुळवून त्यानं हे सगळं गोळा केलं होतं.

तो बाबांकडे आलाच नाही. थेट गुलाबमामांकडे गेला आणि दोघं जीपखाली शिरले.

दोन दिवस आम्हाला त्यांचे फक्त पाय दिसत होते. मधून मधून भांडणाचे आवाज यायचे, कारण गुलाबमामांना नट कुणी दुसऱ्यानं आवळलेला खपत नाही. जेवायची वेळ झाली की विद्याधरला वेगळे मूग शिजवायला सवड कुठली? हात काळे, पोटात कावळे. बसला पंगतीत. मी त्याला वाढलं आणि पुढे गेले, जणू तो रोजच तिथं बसतो.

टाकीत तेल भरलं तेव्हा मी पाहायला गेले होते. आधी डिझेल ओतलं. मग त्यानं आपलं तेल मापानं घेतलं. माप टाकीवर धरलं आणि क्षणभर थांबला. मग डोळे मिटले आणि ओतलं. गुलाबमामा म्हणाले, जा बाई, नांद सुखानं. आम्ही तिघंही हसलो. विद्याधरच्या डोळ्यांत पाणी होतं, ते वासानं असं तो म्हणाला.

गुलाबमामांनी धान्याची पोती घालून जीप घाटातून खालीवर फिरवली. रोज खाली पुठ्ठा अंथरायचे आणि सकाळी पाहायचे. पुठ्ठा कोरडा राहिला. जीप तयार होती. पण बसणार कोण?

वाडीतलं कुणी येईना. शेवटी विद्याधर स्वतः गेला. गुलाबमामा बरोबर होते, पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं.

कौशीच्या लेकीला लस टोचायला तालुक्याला न्यायचं होतं. विद्याधर इठाबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत जुळवून ठेवलं होतं, रबराच्या जाती, तेलाचं प्रमाण वगैरे. प्रत्यक्षात त्यातलं काहीच बोलला नाही.

"माझ्यामुळं तुमच्यावर रस्त्यात ती वेळ आली," म्हणाला. "मी गाडी उघडून पाहायला हवी होती. मी पाहिली नाही."

इठाबाई आत गेली आणि शेळीच्या दुधाचा चहा घेऊन आली. त्यानं तो घेतला. दुधात किती पाणी आहे हे त्यानं विचारलं नाही, असं गुलाबमामांनी मला मुद्दाम सांगितलं.

"तुमी सोता बसनार का गाडीत?" इठाबाईनं विचारलं.

"बसणार."

"मदी थांबली तर?"

"तर मी तुमच्याबरोबर चालेन, बाळाला घेऊन."

"घ्येता यील का तुमास्नी?"

त्याला येत नव्हतं. त्यानं तसं सांगितलं. इठाबाई हसली आणि कौशीला हाक मारली.

घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला कौशीला मळमळायला लागलं. इठाबाईनं तिचं डोकं धरलं. बाळ कुठं ठेवायचं? इठाबाईनं ते सरळ विद्याधरच्या मांडीवर दिलं. तो काठीसारखा ताठ बसला. एक कान इंजिनाकडे, दोन्ही हात बाळाखाली.

बाळानं आधी दूध ओकलं, त्याच्या खांद्यावर. मग खालूनही मोकळं झालं. धोतर ओलं झालं. गुलाबमामांनी आरशातून पाहिलं आणि त्यांना वाटलं, आता हा गाडी थांबवायला लावणार.

तेवढ्यात ते मधलं वळण आलं. इठाबाईनं सुनेचा हात घट्ट धरला. इंजिनाचा आवाज एकसारखा चालू होता... वळण मागे पडलं.

"गेली का व गाडी, वळणापल्याड?" कौशीनं डोळे मिटूनच विचारलं.

"गेली," विद्याधर म्हणाला. गुलाबमामा सांगतात, तो त्यानंतर तालुका येईपर्यंत रडत होता आणि बाळ त्याचं बोट धरून झोपलं होतं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसाच रडला.

लस टोचून, चहा पिऊन, जीप परत माथ्यावर आली. वाडीत सगळे बाहेर येऊन उभे होते. इठाबाई उतरली आणि कुणाला काही न सांगता जीपच्या बॉनेटवर हळदीकुंकू लावून घरात गेली. वाडीला तेवढं पुरलं. गुलाबमामा जीप वळवून निघायच्या आत एका म्हाताऱ्यानं विचारलंसुद्धा, गुडघा दाखवायला कधी नेता.

दुपार कलली होती. बाबा ओसरीवर घोंगडीवर बसले होते. विद्याधर ओसरीपाशी आला आणि खालच्या पायरीवरच थांबला. जीप जाऊन आली, एक थेंबही गळला नाही, माणसं पुन्हा बसायला तयार आहेत, एवढं त्यानं सांगितलं. अनुग्रहाचं नाव काढलं नाही. खिशात ती जुनी रिंग अजून होती का, ते मला माहीत नाही.

बाबांनी आपली घोंगडी थोडी सरकवली आणि शेजारी जागा केली.

"ये. आज घे अनुग्रह."

विद्याधर गांगरला. आमच्या मठाची रीत अशी की अनुग्रहाला बसायचं तर कुंडावर अंघोळ करून, ओलेत्यानं, अंगाला कुणाचा स्पर्श न होऊ देता यायचं. त्यानं स्वतःकडे पाहिलं. खांद्यावर दुधाचे वाळके डाग होते, धोतर वाळून कडक झालं होतं, नखांत काळं होतं. लांबूनही वास येत होता.

"आलोच, बाबा. कुंडावरून अंघोळ करून येतो."

"झालीये तुझी अंघोळ," बाबा म्हणाले. "बैस."